बिनआवाजाचं कार्ड

आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात शलमोननं कॅबिनेटची काच काढून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "आता कान लाव."

वाल्मिक स्टुलावरून पुढे वाकला. टेबलावर दोन कॉम्प्युटर उघडे करून शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्हींत व्हिडिओच्या कामाचं, सारख्याच ताकदीचं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं, फक्त बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. डावीकडचं लांबलचक, तीन पंख्यांचं. उजवीकडचं आखूड, दोन पंख्यांचं. मागे प्लास्टिकच्या खुर्चीत वाल्मिकची आई मनकर्णाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. सकाळीच तिचे डोळे तपासून झाले होते. या वयात इतकी चांगली नजर क्वचित बघायला मिळते, असं डॉक्टरांनी म्हटल्यावर वाल्मिकनं दवाखान्याच्या पायरीवरूनच बहिणीला फोन लावला होता. आईला जामखेडहून नगरला आणून डोळे दाखवले, याचं त्याला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

"काम दोन्ही सारखंच करतील," शलमोन म्हणाला. "फरक कशात, तर तापण्यात आणि बोंबलण्यात. तुझा माईक कॉम्प्युटरपासून किती लांब असतो?"

"हातभर."

"मग तर नीटच ऐकून घे."

जामखेडला घराच्या पुढच्या खोलीत वाल्मिकचा स्टुडिओ होता. लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग तो करायचाच, पण त्याचं खरं नाव होतं निवेदनासाठी. खालच्या पट्टीतला, मऊ, सावकाश आवाज. तालुक्यात त्या आवाजाचं कौतुक होत असे आणि ते वाल्मिकला जरा जास्तच मानवलं होतं. हल्ली तो दुधाचा हिशेबसुद्धा त्याच आवाजात विचारायचा.

पण खर्ड्याच्या किल्ल्यावरच्या माहितीपटाचं निवेदन परत आलं होतं. मागे सारखी घरघर ऐकू येते आणि एका ठिकाणी ती हाकही तशीच राहिली आहे, असं त्या लोकांनी कळवलं होतं. पुन्हा असंच झालं तर काम पुण्यातल्या माणसाला देऊ, हेही कळवलं होतं. घरघर जुन्या कार्डाच्या पंख्याची होती. हाक मनकर्णाबाईची. ऐन रेकॉर्डिंगमध्ये दार उघडून, "वाल्मिक, भाकरी टाकू का?" असं तिनं अख्ख्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं होतं.

त्या दिवशी माहितीपटवाले दोघे खोलीतच होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाल्मिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेळ मारून नेण्यासाठी तो हसत म्हणाला होता, "आमची आई ऊसतोडीतली. फडात चार सऱ्या पलीकडं हाक मारायची सवय, घरात आली तरी तिचा फड काही सुटत नाही." ते दोघे खो खो हसले होते. आईही हसली होती. तिला काही वाईट वाटलेलं नाही, हे बघून वाल्मिकला हायसं झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं दाराबाहेर लाल दिवा लावून घेतला. दिवा लागला की आईनं अंगणात जाऊन बसायचं आणि विझला की आत यायचं. तिनं एका शब्दानं विरोध केला नाही. त्यानंतर तिनं त्याला हाक मारणंच सोडलं. काही हवं असलं तर जवळ येऊन खांद्याला हात लावायची. आईला वळण लागलं, असं वाल्मिकला वाटलं होतं.

शलमोननं डावीकडच्या मशीनवर एक जड गेम चालू केला. कार्ड तापलं तसे त्याचे तिन्ही पंखे फिरू लागले. वाल्मिकनं डोळे मिटले. आवाज जवळजवळ नव्हताच. त्याला मनापासून बरं वाटलं.

"मावशींना विचार की," शलमोन गमतीनं म्हणाला. "त्या घरात त्यांनाही राहायचंय त्याच्यासोबत." मग त्यानं खुर्चीसमोर येऊन, पंख्यांकडे बोट करत विचारलं, "काय मावशी, आवाज येतो का याचा?"

मनकर्णाबाई उठून टेबलापाशी आली. पंख्यांकडे बघून तिनं तोंड वाकडं केलं.

"लई आवाज हाय बया ह्याचा," ती म्हणाली. "डोकं उठंल मानसाचं."

शलमोन हसला. वाल्मिकही हसला. आईला मशीनमधलं काय कळतंय, एवढंच त्याच्या मनात आलं.

शलमोननं तो गेम बंद केला आणि उजवीकडच्या मशीनवर चालू केला. कार्ड अजून गार होतं, त्यामुळे त्याचे पंखे सुरू झाले नव्हते. पण त्याच्या आतून एक बारीक, कर्कश किरकिर निघू लागली. पाटीवर खिळा ओढावा तसली. वाल्मिकनं दात आवळले. शेजारच्या काउंटरवर माऊस बघत असलेल्या मुलीनं वळून पाहिलं.

"यातल्या कॉईल, तारेची वेटोळी, ओरडतात," शलमोन म्हणाला. "एखादा पीस निघतो असा."

मनकर्णाबाई त्या स्थिर पंख्यांवर वाकली. अगदी जवळ तोंड नेऊन तिनं निरखून पाहिलं. मग समाधानानं मान हलवली.

"ह्यो बग कसा गप हाय. ह्योच घे."

शलमोनचा हात माऊसवरच थांबला. किरकिर चालू होती. थोड्या वेळानं कार्ड तापलं, पंखे हलले, फिरायला लागले, आणि मनकर्णाबाई चटकन मागे सरकली.

"आता ह्योबी वरडाया लागला," ती म्हणाली.

शलमोननं मशीन बंद केलं आणि उगीचच वायर गुंडाळू लागला. वाल्मिक आईच्या पाठीमागे उभा होता. त्यानं आपल्या नेहमीच्या आवाजात हाक मारली.

"आई."

ती थांबत चाललेल्या पंख्यांकडे बघत राहिली.

"आई," तो पुन्हा म्हणाला. काउंटरवरच्या मुलीनं वर पाहिलं. आईनं नाही.

माहितीपटवाले हसले तेव्हा आई का हसली होती, ते वाल्मिकला आत्ता कळलं. सगळे हसताना दिसले म्हणून ती हसली होती. तिला शब्दही ऐकू गेला नव्हता. त्याचे कान तापले आणि शलमोनकडे बघायची त्याला लाज वाटली. लोकांच्या रेकॉर्डिंगमधली उसासा टाकल्याची बारीकशी चूकही तो पकडायचा, आणि एका घरात राहून हे त्याला कळलं नव्हतं. वर तिला अंगणात बसवलं होतं.

"कुठलं बांधून देऊ?" शलमोननं हळूच विचारलं.

"तीन पंख्यांचं," वाल्मिक म्हणाला.

स्टँडवर जामखेडची गाडी लागायची होती. दोघं बाकावर बसले. मनकर्णाबाईनं खोक्यावर हात ठेवला.

"मी म्हनले तेच घेतलंस न्हवं?"

वाल्मिकनं मान डोलावली. पण ते खोटं त्याला पेलवेना. तो तिच्याकडे वळला आणि ओठ नीट हलवत, मोठ्यानं म्हणाला, "नाही. दुसरं घेतलं. तू सांगितलेलं फार कर्कश होतं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"त्याचा पंका तर फिरत नव्हता."

"नव्हता. तरीपण."

तिनं पदर सारखा केला. लबाडी पकडली गेल्यासारखी ती ओशाळली. वाल्मिकला ते बघवेना.

"मंग कळलं म्हन की तुला," ती म्हणाली.

"कधीपासून असं आहे?"

"कारखान्यावरचा शेवटला हंगाम केला, तवापासनं. आधी वाटलं, सर्दीच हाय. मंग कमी कमीच व्हत गेलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला कसं सांगावं?" ती म्हणाली. "तुज्याकडं लोकं आवाजासाटी येत्यात. गाड्या घिऊन येत्यात. त्यात आय भैरी हाय म्हनल्यावर तुला कमीपना आला असता. दिवा लावलास ते बरं झालं बग. माजं मलाच कळत नव्हतं, किती मोट्यानं बोलते ते."

पलीकडे कंडक्टर पाथर्डी, पाथर्डी असा ओरडत होता. तिला तो फक्त दिसत होता.

"कोणत्या कानानं बरं येतं?" त्यानं विचारलं.

तिला कळलं नाही. त्यानं आपल्या दोन्ही कानांना आळीपाळीनं बोट लावून दाखवलं.

"डाव्यानं," ती म्हणाली. "जवळ आलं की यितं थोडं."

तो तिच्या उजवीकडे बसला होता. सकाळी गाडीतही उजवीकडेच बसला होता, आणि जामखेडपासून नगरपर्यंत माहितीपटाचं सांगत आला होता. ती सगळ्याला व्हय व्हय म्हणाली होती.

वाल्मिक उठला, बाकाला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला येऊन बसला. मनकर्णाबाईनं मधली पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि तो काही सांगणार असेल म्हणून मान त्याच्याकडे कलती केली. वाल्मिकनं तोंड उघडलं. पण काय बोलावं ते त्याला सुचेना. ती तशीच कान देऊन बसून राहिली.