दारची माती

"ताई, नवं मडकं भिजत घातलंय बघा. लई धूळ हुती वो त्याच्यावर."

घरकामाला येणारी लंकाबाई चांगली खुशीत होती. सत्यशीलाताईंनी मात्र चहाचा कप तसाच ठेवला आणि अनवाणीच मागच्या अंगणात धावल्या.

पारनेर रस्त्यावरच्या त्यांच्या बंगल्यात जमवलेल्या शिल्पांचं एक दालन होतं. कालच आफ्रिकेतून पेट्या आल्या होत्या. घानाचा लाकडी माणूस, केनियाचा पत्र्याचा पक्षी आणि नायजेरियातल्या एका तरुण बाईनं घडवलेलं, पोटुशीसारखं फुगलेलं हे मडकं. "ह्यो तर थेट आमचा दीर!" असं लंकाबाई लाकडी माणसाला म्हणाली, तेव्हा ताई पोट धरून हसल्या होत्या. दालनाची किल्ली ताईंनी पोटच्या मुलालाही कधी दिली नव्हती. ती लंकाबाईच्या पदराच्या टोकाला बांधलेली असे. गाठ न सोडताच ती रोज कुलूप उघडायची. तिला आयुष्यात मान मिळाला तो एवढाच, आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

नवं मडकं घरात आलं की आधी पाण्यात बुडवून ठेवायचं, ही तिची जन्माची सवय. आजही तिनं तेच केलं.

टबातलं पाणी लाल झालं होतं. मडक्यावरचा मातीचा थर पार विरघळला होता. खाली उरलं होतं ते नगरच्या बाजारात मिळतं तसलंच मडकं.

"वरचा थर कच्चा होता गं," ताई टबाशीच खाली बसल्या. "घडवणाऱ्या बाईनं मुद्दाम भाजला नव्हता. आई गेल्यावर घर विकलं, तेव्हा दारची माती आणून लिंपली होती तिनं. बोटं उमटली होती तिची."

लंकाबाईनं ओले हात लुगड्याला पुसले. "मला वाटलं, घान हाय..."

"मी सांगायला हवं होतं." ताई रागावल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढे केला. "किल्ली दे. यापुढं माझ्याकडेच राहू दे."

गाठ दातांनी सोडवावी लागली.

"टब ओतून दे आणि जा घरी."

"न्हाई ताई. गाळ बसू द्या खाली. पानी निवळलं की फडक्यावर काढते. कुनाच्या आईच्या दारची माती गटारात कशी वतू?"

ताई आत गेल्या. दालनाला कुलूप लागल्याचा आवाज आला.

लंकाबाई टबाजवळ बसून राहिली. एक चिमणी काठावर येऊन टेकली. ती पाणी ढवळेल म्हणून लंकाबाईनं पदर झटकला. टोकाला वजन नव्हतं, तो नुसताच वर उडाला.