मला पॉलिश केले त्याची गोष्ट

मी एक जुना सॅक्सोफोन आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव कडवट आहे. गोड बोलणारी वस्तू हवी असेल तर शेजारच्या कपाटातल्या खेळण्यातल्या पियानोला विचारा. तो एकच गाणे वाजवतो आणि सगळ्यांना आवडतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेचा पातळ पत्रा लोखंडी दांड्यावर गुंडाळून एका म्हाताऱ्या कारागिराने मला लाकडी हातोडीने ठोकून ठोकून आकार दिला. तो फार बडबड्या होता. ठोकता ठोकता जावयाच्या कागाळ्या सांगायचा, आणि रागाच्या भरात दोन ठोके जास्त पडायचे. माझ्या आवाजातला खरखरीतपणा त्या जावयाची देणगी असावी. मग एका बाईने बारीक छिन्नीने माझ्या तोंडावर फुलांची वेल कोरली. मला वीसेक भोके होती. त्या प्रत्येकावर झाकण आणि झाकणाखाली चामड्याची गोल गादी बसवली. गादी नीट बसली तरच हवा आत कोंडते आणि सूर निघतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझे सगळे आयुष्य या गाद्यांवरच होते.

मला विकत घेतले ते बाबांनी. ते खरे तर त्यांच्या लेकीचे, बारकीचे बाबा, पण घरात मीही त्यांना बाबाच म्हणू लागलो. दिवसभर ते चष्म्याच्या कारखान्यात भिंगे घासत. घासून घासून काच इतकी गुळगुळीत करायची की बोटाला काही लागू नये, हे त्यांचे काम. आणि रविवारी दुपारी हाच माणूस नदीकाठच्या एका उपाहारगृहात जॅझ वाजवायला जाई. तिथे त्यांचा चौघांचा ताफा होता. पियानोवर शाळेतल्या संगीताच्या बाई, ड्रमवर एक गवंडी, आणि बास नावाचे मोठे, उभे तंतुवाद्य वाजवणारा एक इतका उंच माणूस की त्याला सगळे शिडी म्हणत.

मित्रांनो, ते जुने जॅझ कसे होते हे तुम्हांला कसे सांगू? चाल सगळ्यांना ठाऊक असे. ती एकदा सरळ वाजवायची. मग एकेकाने पुढे येऊन ती मोडायची, वाकवायची, उलटी टांगायची, आणि बाकीच्यांनी त्याला पडू द्यायचे नाही. गवंडी मध्येच नसता ठोका मारायचा. बाबा तो ठोका पकडून भलत्याच वाटेला लागायचे. बाई पियानोवरून ओरडायच्या, "अहो, चाललात कुठे?" आणि बाबा शेवटच्या क्षणी बरोबर घरी परत यायचे. एकच चाल आम्ही शंभर वेळा वाजवली असेल, पण एका रविवारची दुसऱ्या रविवारी ओळखू आली नसती. मी किंचाळलो, फाटलो, चुकलो. लोक चमचे खाली ठेवून ऐकायचे. माझे ते सोन्याचे दिवस होते.

बाबांचा माझ्यावर जीव होता आणि त्यांचा एक कडक नियम होता. मला पॉलिश करायचे नाही. फडक्याने पुसायचे, आतून ओल काढायची, बस. त्यांच्या अंगठ्याखालचे वार्निश झिजून तिथे काळपट डाग पडला होता, कडांना हिरवट झाक आली होती. पाहुणे म्हणत, "जरा चकाकी द्या की याला." बाबा कपाळाला आठ्या घालून म्हणत, "दिवसभर घासतोच आहे मी. निदान एक वस्तू तरी घरात खडबडीत राहू दे."

बारकी नऊ वर्षांची असताना त्यांनी तिच्या गळ्यात माझा पट्टा अडकवला. मी तिच्या गुडघ्यापर्यंत येत होतो. बाबांची शिकवण्याची रीत वेगळी होती. कागद दाखवायचे नाहीत. "आधी गा. गाता आलं तर वाजव." ती गायची, बाबा टेबलावर बोटांनी ताल धरायचे, आणि मग ती मला फुंकायची. एक सूर ती जरा खालून धरायची आणि हळूच वर न्यायची, जिना चढताना दम लागलेल्या माणसासारखा. ती लकब बाबांचीच होती. आई शाळेच्या कचेरीतून दमून घरी यायच्या आणि दारातच म्हणायच्या, "दोघंही फुंकत बसा. माझ्या घरात वाऱ्याला काही तोटा नाही." पण चपला काढून तिथेच बसायच्या, ऐकायच्या.

पुढे उपाहारगृहाला नवा मालक आला. त्याने पहिल्याच रविवारी सांगितले, "जरा हळू वाजवा. गिऱ्हाइकांना गप्पा मारता आल्या पाहिजेत." पुढच्या महिन्यात त्याने भिंतीवर दोन स्पीकर लावले आणि आमच्या ताफ्याला निरोप दिला. त्या स्पीकरमधून जे वाहत होते त्याला म्हणे स्मूथ जॅझ म्हणतात. त्यातही सॅक्सोफोन होता, माझ्याच जातीचा, पण त्याचा आवाज ऐकून मला लाज वाटली. सगळे कोपरे घासलेले. ठोका यंत्राचा, कधी न चुकणारा. सुरामागे घुमारा घातलेला, जणू कोणी रिकाम्या न्हाणीघरात वाजवते आहे. कुठे काही मोडत नाही, कुठे काही पडत नाही. बाबा म्हणाले, "हे संगीत नाही. हा उशीचा अभ्रा आहे." मला ते इतके पटले की मी पेटीत पडल्या पडल्या खूश झालो.

ताफा मोडल्यावर बाबांनी मला बारकीला देऊन टाकले, आणि मग तिला काम मिळाले. एका मोठ्या हॉटेलच्या दिवाणखान्यात, रोज संध्याकाळी पाच ते आठ. सोबतीला माणसे नाहीत. एक काळा डबा होता, त्यात ड्रम आणि पियानो आधीच भरून ठेवलेले. ती बटण दाबायची आणि त्यावर मला वाजवायची. काय वाजवायची, ते तुम्ही ओळखलेच असेल.

घरात वादाला तोंड फुटले. बाबा म्हणाले, "लिफ्टमध्ये वाजतं ते तू वाजवतेस."

"लिफ्टमधली माणसं माणसं नसतात का, बाबा?"

"ती ऐकत नाहीत."

"तुम्ही तरी कुठं ऐकलंय मला? एकदा या. मग बोला."

"मला ऐकायची गरज नाही. मला ठाऊक आहे ते कसं असतं."

मी बाबांच्या बाजूचा होतो, हे लपवत नाही. हॉटेलात पहिल्या आठवड्यात मी दोनदा मुद्दाम किंचाळलो. बारकीने बिचाऱ्या रीडला, म्हणजे तोंडाजवळच्या वेताच्या पातळ पट्टीला, दोष दिला. पण एका संध्याकाळी एक प्रवासी बाई बाहेर निघता निघता आमच्यासमोर थांबल्या. बॅग खाली ठेवली आणि तिच्यावरच बसल्या. चाल तीच गुळगुळीत होती, डबा तोच मख्ख होता, पण बारकीने मध्ये तो एक सूर खालून धरून वर नेला. बाई रडल्या, नाक पुसले आणि निघून गेल्या. मी तेव्हा स्वतःशीही कबूल केले नाही. बाबांनी ते ऐकायला हवे होते, एवढे मात्र मला वाटले आणि त्याच क्षणी मी ते मनातून झटकून टाकले.

पाच वर्षे बाबांनी त्या हॉटेलात पाऊल टाकले नाही, आणि त्या वादानंतर बारकीने घरी वाजवणे बंद केले. बाबांच्या सत्तरीच्या वाढदिवसाला बारकीने आईंना मध्ये घातले. आई बाबांना म्हणाल्या, "अहो, पोरगी भीक मागत नाहीये. तासभर खुर्चीत बसा, तोंड वाकडं करून बसा हवं तर, पण जा." बाबा चष्म्याचे भिंग पुसत म्हणाले, "शनिवारी जाईन."

बारकीला आकाश ठेंगणे झाले. तिने ठरवले, त्या दिवशी डबा बंद ठेवायचा. एकटीने, बाबांची ती रविवारची चाल वाजवायची. माझ्या गाद्या तेव्हा सैल पडल्या होत्या, म्हणून तिने मला एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. नव्या गाद्या बसवून झाल्यावर तो म्हणाला, "वडिलांसमोर वाजवायचं आहे ना? मग असा काळवंडलेला कसा नेणार? पॉलिशच्या चाकावर धरतो, नव्यासारखा होईल." मित्रांनो, नऊ वर्षांची असल्यापासून तिने तो नियम ऐकला होता. तरी ती हो म्हणाली. एवढ्या वर्षांनी बाबा येणार, तर सगळेच नवे दिसावे, अशा काहीशा भाबडेपणाने म्हणाली. प्रेमात माणूस नेमकी तीच चूक करतो, जी परक्याने केली नसती.

चाकावर मला घासले. अंगठ्याचा डाग गेला, हिरवी झाक गेली, वेलीची फुले पुसट झाली. मी आरशासारखा चकाकू लागलो. पण आवाज? दुरुस्तीवाल्याने फुंकून पाहिले तेव्हा मी स्वतः ऐकला. तोच होता. खरखर जिथल्या तिथे होती. नव्या गाद्यांमुळे उलट जास्तच मोकळा झाला होता.

शनिवारी बाबा आले. ताफ्यात असताना घालायचे तो कोट त्यांनी घातला होता. पहिल्या खुर्चीत बसले. बारकी मला घेऊन दिव्याखाली आली आणि मी लखलखलो. बाबांनी मला पाहिले. अंगठ्याची जागा शोधत त्यांची नजर फिरली आणि थांबली. बारकीने श्वास घेतला, ओठ लावले. पहिला सूर निघायच्या आत बाबा उठले.

"याला पण गुळगुळीत केलंस," एवढेच ते म्हणाले आणि पाठ फिरवून चालू लागले.

"बाबा, एकदा ऐका तरी!"

ते थांबले नाहीत. काचेचा दरवाजा त्यांच्यामागे आपोआप बंद झाला.  बारकीने डब्याचे बटण दाबले आणि आठ वाजेपर्यंत तेच रोजचे वाजवले. त्या दिवशी मी एकदाही किंचाळलो नाही. माझी हिंमतच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला बाबांच्या पलंगावर ठेवले. "आवाज तोच आहे, बाबा. एक फुंकर घाला, तुम्हांलाच कळेल."

"न फुंकताच कळतंय मला."

त्यांनी पेटी बंद केली आणि पलंगाखाली सरकवली. बारकीने स्वतःचा दुसरा सॅक्सोफोन घेतला. बापलेक बोलायचे, पण हवापाण्याचे, औषधांचे, जेवलीस का, जेवलात का, एवढेच. मी सहा वर्षे अंधारात होतो. आधी मला बाबांचा अभिमान वाटला, की पाहा, माणूस तत्त्वाला जागला. मग कसर आली. चिवट, बारीक किडे. त्यांनी माझ्या गाद्या कुरतडायला सुरुवात केली, तेव्हा माझा अभिमान पार उतरला. तत्त्व बाबांचे होते आणि भोके मला पडत होती.

सहाव्या वर्षी बाबांनी अंथरूण धरले. एका दुपारी ते डोळे मिटूनच म्हणाले, "बारके, पलंगाखालचा काढ. ती रविवारची चाल वाजव."

 बारकीने पेटी उघडली, मला जोडले, पट्टा गळ्यात घातला आणि फुंकले. सूर निघाला नाही. नुसती हवा. फुस्स, फुस्स. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो, पण कुरतडलेल्या प्रत्येक गादीतून श्वास निसटून जात होता. तिने बोटाखालचे झाकण उचलून पाहिले. पॉलिशचा यात काही संबंध नाही, हे तिला एका नजरेत कळले.

"पॉलिश," बाबा पडल्या पडल्या पुटपुटले. "पॉलिशनं खाल्लं त्याला. मी तेव्हाच म्हटलं होतं."

आई दारातून म्हणाल्या, "अहो, पण त्या गाद्या तर..."

बारकीने मान हलवून त्यांना गप्प केले. "हो बाबा," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. बाहेरच्या खोलीत बारकीचा दुसरा सॅक्सोफोन होता, धडधाकट, सुरेल. तो आण असे बाबा म्हणाले नाहीत, आणि तिनेही विचारले नाही. आठ दिवसांनी बाबा गेले. आपल्या लेकीचा एकही सूर त्यांनी त्या अकरा वर्षांत ऐकला नाही.

आता मी बारकीच्या घरी कपाटात आहे. दुरुस्तीवाला दोनदा म्हणाला, "आणा की, दोन दिवसांत वाजता करतो." ती आज आणते, उद्या आणते म्हणते आणि आणत नाही. मला कारण ठाऊक आहे. मी दुरुस्त झालो तर वाजेन. वाजलो तर माझा आवाज तोच निघेल. आणि मग गेलेला बाप चुकला होता हे तिला आपल्या कानांनी ऐकावे लागेल.

मला ते गुळगुळीत जॅझ आजही आवडत नाही, आणि आवडून घ्यायचा माझा विचारही नाही. तुम्हांलाही पुष्कळ गोष्टी आवडणार नाहीत, तेव्हा खुशाल नाक मुरडा. पण मित्रांनो, तुमचे कोणी हातात वाद्य घेऊन, श्वास भरून तुमच्यासमोर उभे असेल, तर निदान पहिला सूर निघेपर्यंत खुर्चीत बसून राहा. तेवढे बाबांना जमले नाही, आणि मला तेव्हा ते बरोबर वाटले होते.