सारंगाचा फळा

बावबंदरात फुटबॉल कळणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, याबद्दल रशीद सारंगाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाकी सगळे क्रिकेटवाले. मधेच खेळ थांबवून चहा पितात त्याला खेळ म्हणणाऱ्या माणसांशी बोलायचं तरी काय? छत्तीस वर्षं त्याने जहाजांवर काढली, त्यातली शेवटची बारा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम म्हणून, त्यांच्यावर ओरडण्यात. निवृत्त होऊन पूर्णगडच्या अलीकडच्या या खाडीतोंडाच्या गावात परत आला तेव्हा ओरडायला हाताखाली कोणी उरलं नव्हतं. मग तो टीव्हीवरच्या खेळाडूंवर ओरडू लागला. ते ऐकत नसत, पण खलाशी तरी कुठे ऐकत होते!

चौऱ्याऐंशी साली बोट लिव्हरपूलच्या गोदीला लागली असताना तिथल्या एका हमालाने त्याला एव्हर्टनच्या सामन्याला नेलं आणि गडी जन्माचा अडकला. त्या काळी तो संघ चांगला जिंकतही असे. पुढे जिंकणं कमी झालं, त्याचं खापर रशीदने पंचांवर, मालकांवर आणि केस रंगवणाऱ्या खेळाडूंवर फोडलं. संघ मात्र बदलला नाही. संघ बदलणं हे पुढाऱ्यांचं काम, असं तो म्हणे. "खेळाडू दुसऱ्या क्लबात गेला तर निदान नवीन जर्सी घालून मैदानात धावतो तरी. हे मेले सकाळी एका पक्षात, दुपारी दुसऱ्यात, आणि धावायचं नाव नाय!"

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की तो बर्फाच्या फॅक्टरीपाशी येई. तिथे भिंतीला शाळेने टाकून दिलेला एक फळा टेकवलेला होता. खिशातून खडू काढून रशीद त्यावर शनिवार-रविवारच्या इंग्लंडमधल्या सामन्यांचे अंदाज लिही. कोण जिंकणार, किती गोलांनी, आणि बाजूला एकेक शेरा. 'बचाव नाही, चाळण आहे.' 'गोलकीपरने आधी चष्मा करावा.' 'अकरा जण खेळणार, त्यातले चार जागे.' शुक्रवारी होड्या धक्क्यालाच असत, त्यामुळे वाचायला गर्दी होई.

गर्दी होई, पण त्याचं कारण वेगळं होतं. रशीदचे अंदाज चुकत. थोडेथोडके नाही, इतके चुकत की आंधळ्याने खडे मारले असते तरी त्याहून जास्त लागले असते. गावातली मोबाईलवरच्या पैजेत संघ लावणारी पोरं फळ्याचा फोटो काढत आणि बरोब्बर उलट संघ लावत. हळूहळू ही खोड इतर गोष्टींतही शिरली. सारंग म्हणाला पाऊस नाही, की बायका वाळत घातलेली सुकट घरात घेत. सारंग म्हणाला मुलगा होणार, की लोक मुलीचं नाव शोधू लागत. रशीदला हे ठाऊक होतं आणि त्याला त्याचा भयंकर राग येई. अडाण्यांना खेळातलं काही कळत नाही, एवढाच अर्थ तो त्यातून काढत असे.

त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक जानेवारीत लागली. सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. म्हणून निलेश ठेकेदाराने आपल्या बायकोला, मृणालीला उभं केलं. बॅनरवर निलेशचा फोटो दारापेक्षा मोठा, आणि कोपऱ्यात पासपोर्टाएवढी मृणाली. निशाणी रोड रोलर. "ठेकेदाराला रोड रोलर! म्हणजे निशाणीपण स्वतःच्या धंद्याचीच," रशीद म्हणाला. निलेशने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की धक्क्यामागच्या मैदानावर पर्यटकांच्या गाड्यांसाठी तळ करायचा. पूर्णगडचा किल्ला बघायला माणसं येतात, त्यांच्या गाड्या कुठे लावायच्या?

ते मैदान म्हणजे रशीदचा जीव होता. मुळात तिथे उघडा कातळ. रशीद आणि त्याचा बालमित्र दादू या दोघांनी रशीदच्या सुट्ट्यांतले तीन उन्हाळे खपून त्यावर माती ओढली, दाबली, हिरवळ धरवली. गोलाला जाळी लावली ती दादूच्या होडीवरची फाटकी. दर रविवारी रशीद तिथे शिट्टी घेऊन उभा राही आणि दादूची खारवीवाडी विरुद्ध स्वतःचा मोहल्ला असा सामना लावून दोघांनाही सारख्याच शिव्या घाली. जगात त्याने स्वतःच्या हाताने उभी केलेली ती एकच गोष्ट होती. त्यावर डांबर पडणार या विचाराने त्याला जेवण जाईना.

निलेशच्या बायकोसमोर उभी राहिली ती दादूची बायको, दमयंती. निशाणी छत्री. मैदानाला हात लावू देणार नाही, असं तिने अर्ज भरतानाच जाहीर केलं होतं. ती एक दिवस रशीदच्या ओट्यावर आली.

"रशीदभाई, माज्यासंगती मोहल्ल्यात फिरताव काय? चार घरा तुमी दाखवलात तर माजा काम होईल."

"मी राजकारणात पडत नाय, वयनी," रशीद म्हणाला. "हात जोडून दात दाखवीत दारोदार फिरायचा म्हणजे… हे माजा काम नाय. तू फिर. मैदान वाचवतेस, मत तुलाच."

दमयंती पदर सावरत उठली आणि एकटीच फिरायला गेली. आतून जन्नतबीने, रशीदच्या बायकोने, सगळं ऐकलं होतं. "टीव्हीतल्या माणसांसाठी गळा फाडताव, नि हिच्यासाठी गल्लीत चार पावलां चालवत नाय तुमच्याने," ती म्हणाली. रशीदने टीव्हीचा आवाज वाढवला.

मतदान रविवारी होतं. त्याआधीच्या शुक्रवारी फळ्यापाशी नेहमीपेक्षा दुप्पट माणसं जमली. सामन्यांचे अंदाज लिहून झाले तरी कोणी हलेना.

"चाचा, सरपंचाचा पन लिवा की!" मागून कोणीतरी ओरडलं.

रशीदने खडू हातात फिरवला. आणि त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, त्याने आपल्या चुकण्याचा हिशेब मनाशी मान्य केला. आपण लिहितो त्याच्या उलटं होतं. एव्हर्टन जिंकेल लिहिलं की हरतं. मग दमयंती जिंकेल असं लिहिलं तर? तिला पाडायची नसेल तर फळ्यावर पाडलीच पाहिजे. स्वतःच्या पनवतीचा असा उपयोग करून घेणारा बावबंदरात आपणच पहिले, असं वाटून त्याला थोडी ऐटही आली. त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'रोड रोलर जिंकणार. छत्री फाटकी.'

एकच हशा उसळला. दादू तर टाळ्या पिटू लागला. "रशीद्याने पाडली! पाडली ना? म्हंजे माजी बायको सरपंच झाली!" त्याने रशीदला मिठी मारली. निलेशची माणसं तोंड पाडून निघून गेली. संध्याकाळपर्यंत खारवीवाडीत दमयंतीला सरपंचबाई म्हणून हाकाही मारू लागले. ती मात्र हसत नव्हती. उरलेली घरं करायला ती पुन्हा बाहेर पडली होती, एकटीच.

रविवारी रशीदने सकाळीच मत दिलं आणि शाळेसमोरच्या चिंचेखाली जाऊन बसला. निलेशच्या दोन जीपगाड्या सकाळपासून फेऱ्या मारत होत्या. म्हाताऱ्यांना उचलून आणत होत्या, अंथरुणाला खिळलेल्यांना खुर्चीसकट आणत होत्या. "मेल्यांना पण आणतील," रशीद शेजारच्याला म्हणाला. पण दुपार कलली तरी खारवीवाडीची रांग काही दिसेना. आल्या त्या बायका आणि म्हातारे. रशीदची चुळबुळ सुरू झाली. तो उठून धक्क्यावर गेला.

धक्का रिकामा होता. एकही होडी नव्हती.

जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की पहाटे बांगड्याचा थवा लागल्याची खबर आली आणि सगळे बाहेर गेले. "दादू पण?" "दादूच तर पयला गेला." रशीदने फोन लावला. चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा वाऱ्याच्या घरघरीत दादूचा आवाज आला.

"अरे मत देवचा नाय काय तुला?" रशीद किंचाळला. "तुजी बायको उभी हाय, मेल्या!"

"तू लिवलायस ना पडणार म्हणून! मग कशाला घाई?" दादू आनंदात होता. "जाळा फाटंल एवढा बांगडा हाय, रशीद्या! सांजच्याला येतंव, गुलाल ठेवून दे!"

"अरे साडेपाचला दार बंद होतंय! ऐक, मी जे लिवला ते…"

फोन कटला. मग लागलाच नाही. रशीद धक्क्यावर उभा राहून समुद्राच्या दिशेने ओरडला, सारंगाच्या आवाजात, जसा वादळात ओरडायचा. जाळं विणणारा म्हातारा मान वर करून त्याच्याकडे बघत राहिला. साडेपाचला शाळेचं फाटक बंद झालं. होड्या आल्या तेव्हा सहा वाजून गेले होते. माणसं गाणी म्हणत उतरली आणि बांगड्याच्या टोपल्या धक्क्यावर चढवू लागली.

सोमवारी निकाल लागला. रोड रोलर सतरा मतांनी. होड्यांवर किती मतं होती ते कोणी मोजलं नाही, कारण मोजायची हिंमत कोणाला नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं की सतरापेक्षा कितीतरी जास्त होती.

निलेश गुलालाने माखून फॅक्टरीपाशी आला आणि सगळ्यांसमोर त्याने रशीदच्या गळ्यात हार घातला. "चाचा, पयल्यांदा तुमचा बरोबर आला!" तो म्हणाला. "मैदान तुमीच केलंत, तेव्हा गाडीतळाचा नारळ पण तुमीच फोडायचा." त्याची माणसं हसली. आयुष्यभर प्रत्येक गाढवाला तोंडावर गाढव म्हणणाऱ्या रशीदने नुसताच खिशातला खडू चाचपला. हार तसाच गळ्यात घेऊन तो घरी आला आणि ओट्यावर बसून राहिला. असलं बरोबर येण्यापेक्षा मरेपर्यंत चुकलो असतो तर बरं, असं त्याला वाटलं. त्याला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दमयंती आली. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचा. जन्नतबीने तिला पाट दिला. ती बसली नाही.

"एकच विचारायचा होता, रशीदभाई. तुमाला खराच वाटत होता मी पडेन?"

रशीदने खाली बघितलं. हो म्हणावं तर तिच्यावर विश्वास नव्हता असं होतं. नाही म्हणावं तर तिला आपणच पाडली असं होतं. शेवटी त्याने खरं ते सांगून टाकलं. आपण लिहितो त्याच्या उलट होतं, म्हणून मुद्दाम तसं लिहिलं. तिने निवडून यावं म्हणून.

दमयंतीने पदर खोचला.

"म्हंजे तुमी मला निवडून आणण्यासाठी पाडलीत," ती म्हणाली. "नि माजा घोव मी निवडून येणारच म्हणून बांगड्याला गेला. दोघांनी माज्यासाठी केवढा केलात! फक्त माज्यासंगती चार घरा फिरायला कोण आला नाय."

जन्नतबी आतल्या दारात उभी होती.

"चूक झाली माजी, वयनी," रशीद म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून निघालेलं जन्नतबीने चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"सव्वीस जानेवारीला ग्रामसभा हाय," दमयंती म्हणाली. "मैदान द्यायचा का नाय त्याचा ठराव तिथेच येणार. निलेश त्याची माणसा घेवन येईल. तिथे फळ्यावर लिवून चालत नाय, उभा राहून हात वर करावा लागतो."

"मी येतो," रशीद घाईने म्हणाला. "दादूला पण घेऊन येतो. सगळ्यांना घेऊन येतो."

दमयंतीने चपला घातल्या आणि पायरी उतरली.

"मताला पण सगळे येतो असाच बोल्लेले," ती म्हणाली आणि चालू लागली.