दाराची वरची कडी

रावजींचं हृदय मंदावलं आणि गंगाबाईंच्या संसारात पहिल्यांदा सुख आलं. ऐकायला वाईट वाटतं, पण खरं तेच आहे. उभा जन्म बोटीवर सारंग म्हणून काढलेला माणूस. वाऱ्यावर ओरडून खलाशांना हुकूम सोडायची सवय, ती घरी येऊनही सुटली नाही. त्यांनी चहा मागितला तर भाटे गावात चार घरं पलीकडे कळायचं. आणि आवाज पुरला नाही की हात होताच.

यंदा आंब्याच्या दिवसांत त्यांची नाडी चाळिशीच्या खाली उतरली. चार पावलं टाकली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. वाघाचं मांजर झालं. पडवीत बसून राहायचे, पुढ्यात येईल ती पेज मुकाट प्यायचे. एकदा तर "तू जेवलीस काय गो?" असंही विचारलं. गंगाबाई मागीलदारी जाऊन रडल्या.

त्याच मऊ दिवसांत त्यांनी धीर करून अक्षयाचं नाव काढलं. अक्षया म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. सावर्ड्याच्या एका गॅरेजवाल्या परजातीच्या मुलाशी लग्न करते म्हणाली, तेव्हा रावजींनी तिला मारत मारत घरापुढच्या खळ्यात नेऊन सोडलं आणि आत येऊन दाराची वरची कडी घातली. तेव्हापासून या घरात तिचं नाव घ्यायची सोय नव्हती. आता मात्र रावजी डोळे मिटूनच म्हणाले, "येऊ दे तिला. बघू दे बापसाला एकदा."

गंगाबाईंना आभाळ ठेंगणं झालं.

डॉक्टरांनी पेसमेकर बसवायचा म्हणून सांगितलं, तेव्हा गंगाबाईंनी मनात हिशेब मांडला. हृदयाचं ऑपरेशन म्हणजे चार दिवस तरी हॉस्पिटलात राहावं लागणार. परक्या माणसांत, हाताला सुई लावलेली असताना नवरा आवाज चढवायचा नाही. लेक उशाशी बसेल, दोन घास भरवेल, बाप विरघळेल. त्यांनी अक्षयाला फोन करून टाकला, ये म्हणून.

ऑपरेशनच्या सकाळी रावजी गुंगीत पडलेले असताना सिस्टर बाहेर आली. "मावशी, मशीन ज्या बाजूला बसवू, तो हात दीड महिना खांद्याच्या वर न्यायचा नाही. काकांचा कामाचा हात कुठला?"

रावजी जन्मजात डावरे. लहानपणी आईनं चटके देऊन जेवण आणि लिहिणं तेवढं उजव्या हातावर आणलं. बाकी सगळं डाव्यानं, मारणंसुद्धा.

"जेवतात उजव्या हातान," गंगाबाई म्हणाल्या. "सही पण उजव्यानच करतात."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. मशीन डाव्या बाजूला बसलं.

दुपारी डॉक्टर हसत आले. "सगळं छान झालंय. संध्याकाळी घरी न्या."

"आजच?" गंगाबाई म्हणाल्या. बाजारातून म्हैस आणायची तर दोन दिवस मोडतात, आणि इथे माणसाच्या काळजाशी यंत्र जोडून तो संध्याकाळी घरी! पण डॉक्टरांशी काय भांडणार? अक्षया तर निघालीसुद्धा होती. त्यांनी तिला सरळ घरीच यायला सांगितलं.

ठोके जागेवर आले तसा माणूसही जागेवर आला. भाट्याच्या पुलावर रिक्षा जरा आदळली, तर रावजींनी रिक्षावाल्याचा बाप काढला. गंगाबाईंनी तो आवाज ओळखला.

दिवेलागणीला अक्षया खळ्यात येऊन उभी राहिली. हातात लाडवांचा डबा होता. बापाचा डावा हात गळ्यातल्या झोळीत बघून तिचे डोळे भरून आले.

"हिला कोणी बोलावलान?" रावजी गरजले.

"तुम्हीच म्हणालात ना, येऊ दे म्हणून," गंगाबाई म्हणाल्या.

"तेव्हा मी मराया टेकलो होतो. आता काय झालाय मला?"

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य जगला, लेक मेली.

रावजी उठून लेकीवर धावले. जुन्या सवयीनं डावा हात झोळीतून निघाला, छातीपर्यंत वर आला आणि कळ येऊन तिथेच थांबला. ते विव्हळत खुर्चीत बसले. गंगाबाईंना त्या विव्हळण्यानं बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

"दार लाव गो! वरची कडी घाल!"

"नाय घालायची," गंगाबाई म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा म्हणाल्या. त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला टेकवल्या. "ये गो बाय, आत ये. घाबरू नको. आता दीड महिना त्यांचा हात उठायचा नाय."

अक्षया पायरीवर चढली आणि तिथेच थांबली.

"दीड महिना," ती म्हणाली. "आणि मग?"

गंगाबाई तिला आत घ्यायला उंबरठ्यापर्यंत आल्या.

"त्या रात्री मी इथे उभी राहून तुला हाका मारत होते. तू दाराच्या मागेच होतीस. तुझ्या बांगड्या वाजत होत्या, मला ऐकू येत होत्या." अक्षयाचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "कडी काढायला तेव्हा तुझे दोन्ही हात धड होते, आये."

तिनं डबा पायरीवर ठेवला आणि ती पाखाडीच्या पायऱ्यांनी खाली रस्त्याकडे निघाली. गंगाबाई हाक मारणार होत्या, पण कुठल्या तोंडानं मारणार?

आतून रावजींनी चहा मागितला. चार घरं पलीकडे कळलं.