बेव्हला सांगायचं होतं

सप्टेंबरातल्या त्या सकाळी ग्लेनिस गाडीतून उतरली, तेव्हा समोर दरी नव्हतीच. दरीच्या जागी पांढरंशुभ्र धुकं काठोकाठ भरलेलं होतं आणि त्याच्या तळाशी कुठेतरी धबधबा घुमत होता. खाली पर्थमध्ये लख्ख ऊन होतं. इथे टेकड्यांत मात्र अजून सकाळच व्हायची होती.

"हे काय, आज ढगातून चालायचं की काय?" नोरीन बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली. "चला, तेवढीच स्वर्गाची तालीम."

"तुला कोण घेतंय गं स्वर्गात!" बेव्ह म्हणाली आणि काठी टेकत चालूही लागली.

तिघी एकाच इस्पितळात परिचारिका म्हणून लागलेल्या आणि तिथूनच निवृत्त झालेल्या. सप्टेंबरात इथला वसंत आला, रानात फुलं आली, की धबधब्यापर्यंत चालत जायचं, हा त्यांचा जुना नेम. बेव्ह उंच, सडसडीत, बगळ्यासारखी मान पुढे काढून चालणारी आणि जिभेची तिखट. फार वर्षांपूर्वी एका रविवारी तिनेच ग्लेनिसला आपल्या घरी जेवायला नेलं होतं. तिचा भाऊ मर्व तेव्हा अंगणात मोटारीखाली शिरून काहीतरी ठोकत होता. ग्लेनिसने आधी त्याचे नुसते पाय पाहिले. वर्षभरात लग्न झालं आणि मैत्रीण नणंद झाली. मर्व जाऊन आता बरीच वर्षं लोटली होती, पण नणंद काही कुठे गेली नव्हती.

आणि आता योप होता. रेडगम झाडांच्या जंगलात मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारा, मोजकं बोलणारा डच माणूस. ग्लेनिस त्याच्याकडे मध आणायला जायची. पुढे पुढे घरात मध असतानाही जायला लागली. नोरीनला हे सगळं ठाऊक होतं. बेव्हला सांगायचं होतं, आणि ते आजच.

वाट ओली होती. काळ्या बुंध्यांचे, डोक्यावर गवताचा झुपका असलेले बुटके वृक्ष धुक्यातून एकेक पुढे येत होते आणि माणसं मागे सरावीत तसे मागे सरत होते. पायाशी निळी फुलं इतकी गर्द, की आभाळ खाली सांडून तिथेच राहिलंय असं वाटावं. कुठून तरी वॅटलच्या पिवळ्या फुलांचा गोडसर वास यायचा, झाड मात्र दिसायचं नाही. 

लाकडी पुलापाशी नोरीन मटकन खडकावर बसली.

"जा तुम्ही दोघी. माझा गुडघा संपावर गेलाय."

"आत्तापर्यंत तर बरा होता," बेव्ह म्हणाली.

"संप काय सांगून करतात?" असं म्हणत नोरीनने ग्लेनिसकडे बघून हळूच डोळा मारला.

पुलापलीकडे धुकं आणखी दाट झालं. पुढे बेव्हची लाल टोपी तेवढी दिसत होती. ती मधेच वाट सोडून आत वळली. "अगं, इकडे ये. ऑर्किड!" गाढवाच्या कानांसारख्या उभ्या पाकळ्यांची ती पिवळी-तपकिरी फुलं होती, टकामका बघणारी. त्यांच्यामागे एक मोकळा उतार होता. तो सगळा कागदासारख्या कोरड्या पाकळ्यांच्या रानफुलांनी भरलेला, पण एकूण एक फूल मिटलेलं. ओलाव्यात ती अशीच मिटून बसतात. हजारो गुलाबी कळ्या माना खाली घालून उभ्या होत्या.

"सगळ्या झोपल्यात," बेव्ह हलकेच म्हणाली आणि एका पडलेल्या ओंडक्यावर बसली. ग्लेनिस शेजारी टेकली. पाण्याचा आवाज आता सगळ्या बाजूंनी येत होता. आपणही इथे कुणाच्या तरी झोपेत बसलोय, आणि झोपेत बोललेलं कुणी मनावर घेत नाही, असं काहीतरी ग्लेनिसला वाटलं असावं.

"बेव्ह, मी लग्न करतेय."

बेव्हने मान वळवली नाही. "कोणाशी?"

"योपशी."

"तो मधवाला? टोपीशिवाय कधी न दिसणारा?"

"हो."

"टोपीखाली केस आहेत का?"

"आहेत थोडे."

ग्लेनिसला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात बेव्हने विचारलं, "नोरीनला माहीत आहे?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," ग्लेनिस म्हणाली. "ईस्टरपासून. पाच महिने झाले."

बेव्ह उठली. काठी उचलली आणि उतारावरून खाली निघून गेली. चार पावलांत लाल टोपीसुद्धा पुसली गेली.

ग्लेनिस तिच्यामागे धावली खरी, पण धुक्यात कसलं धावणं! स्वप्नात पाय चालत असतात आणि वाट सरत नाही, तसं झालं. "बेव्ह!" तिने हाक मारली. हाक जवळच कुठेतरी विरली. खालचा कातळ निसरडा होता. बेव्ह पडली तर? मर्वच्या बहिणीला आपण या वयात रडवलं आणि वर दरीत पाडलं, या विचाराने ती आणखी घाईने खाली उतरू लागली.

मग झाडांमध्ये तिला ती दिसली. पाठमोरी, उंच, खांदे पाडून, अगदी स्तब्ध उभी.

ग्लेनिस तिथेच थांबली. जवळ जायचा धीर होईना.

"ऐक ना," ती म्हणाली. "नोरीनला सांगणं सोपं होतं गं. तिला काही झालं की ती केक खाते. तुझी मला भीती वाटली. तू माझ्याकडे बघतेस तेव्हा मला मर्वचे डोळे दिसतात. तुला सांगितल्यावर तो खरंच गेला, असं झालं असतं. म्हणून रोज ठरवायचे आणि रोज पुढे ढकलायचे. चुकलंच माझं. आता काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर."

पाठमोऱ्या आकृतीने दोन लांब कान वळवले. शांतपणे तिच्याकडे पाहिलं. आणि एक टुणकन उडी मारून कांगारू धुक्यात दिसेनासा झाला.

डावीकडून कुणीतरी खोकल्यासारखा आवाज केला. खोकला नव्हता तो. बेव्ह एका खडकावर बसून पोट धरून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कांगारूला माझ्याआधी सांगितलंस!" तिला धाप लागली. "म्हणजे माझा नंबर त्याच्याही मागे!"

 ग्लेनिसही तिथेच खाली बसली, आणि मग दोघी हसत राहिल्या, रडत राहिल्या. त्यात कोणतं काय, ते निवडण्यात अर्थ नव्हता.

धबधब्याखालच्या डोहाशी पोचल्या तेव्हा वरून ऊन गळायला लागलं होतं. पाणी कुठून पडतंय ते दिसत नव्हतं. उजेडातूनच ते सरळ खाली येत होतं. बेव्हने बूट काढून पाय पाण्यात सोडले.

"मला लग्नाचं काही नाही," ती म्हणाली. "मर्वला जाऊन इतकी वर्षं झाली. पण तू त्या डचाची झालीस, की मी तुझी कोण लागते? नाताळला मी कुठल्या नात्याने यायचं?"

 ग्लेनिसनेही बूट काढून पाय सोडले. पाणी बर्फासारखं होतं.

"त्या लग्नात तू मुलाकडून आली होतीस," ती म्हणाली. "या वेळी माझ्याकडून ये. माझ्याकडचं असं दुसरं आहे तरी कोण?"

"नोरीन आहे की."

"नोरीन जेवणाकडून येईल."

बेव्ह हसली नाही. पाण्यात पाय हलवत राहिली. "बघते," एवढंच म्हणाली. पण उठताना तिने हात पुढे केला, आणि ग्लेनिसला उभं केल्यावरही तो लगेच सोडला नाही.

परतताना धुकं पार उडालं होतं. मघाचा उतार ओळखूच येईना. सगळी फुलं उघडली होती आणि वाऱ्यावर कागदासारखी बारीक कुजबुजत होती. दोघी त्यांच्या मधून गुडघ्याएवढ्या गुलाबी उजेडात चालत गेल्या. 

नोव्हेंबरात फ्रीमँटलच्या किनाऱ्यावर लग्न झालं. बेव्ह येणार की नाही, हे तिने शेवटपर्यंत नक्की सांगितलं नव्हतं. नोंदणीच्या कागदावर साक्षीदारांच्या सह्या व्हायला आल्या तरी तिचा पत्ता नव्हता, म्हणून नोरीनने पेन हातात घेतलं. तेवढ्यात वाळूतून उंच टाचांचे जोडे हातात धरून, घामाघूम झालेली बेव्ह आली. गाडी लावायला जागा मिळेना म्हणे. तिने नोरीनच्या हातून पेन काढून घेतलं, ठसठशीत सही केली, आणि योपकडे वळून म्हणाली, "टोपी काढा बघू जरा."

योपने निमूटपणे टोपी काढली. बेव्हने त्याला नीट न्याहाळलं.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि ग्लेनिसच्या बाजूला जाऊन उभी राहिली.