एकतीस फेब्रुवारी

आमच्या ऑफिसात काही बिघडलं की मीटिंग होते आणि तिचा एकच नियम असतो: कोणाचंही नाव घ्यायचं नाही. चूक यंत्रणेची, माणसाची नाही. ऐकायला किती छान! त्या दिवशी मात्र हा नियम ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं होतं असं. कोर्टात अपील करायची शेवटची तारीख सांगणारं ॲप आम्ही बनवतो. अमेरिकेतल्या आमच्याच डुलुथ गावातली डार्लीन होव्हलँड ते वापरायची. तिच्या मुलीचा ताबा नवऱ्याला मिळाला, निकाल एकतीस जानेवारीचा, अपिलाला मुदत एक महिना. आमच्या प्रोग्रॅमने तारखेतला महिना तेवढा एकने वाढवला आणि तयार झाली एकतीस फेब्रुवारी! अशी तारीख नसतेच, म्हणून तो मुकाट्याने पुढे सरकला आणि तीन मार्च दाखवून मोकळा झाला. खरी मुदत फेब्रुवारीअखेरच संपली होती. बाई दोन मार्चला कागद घेऊन गेली, तर कोर्टाच्या खिडकीवरूनच परत पाठवली. आता तिची लेक मॅरेन बापाबरोबर दूर ॲरिझोनाला जाणार.

प्रोग्रॅममधली ही चूक मी गेल्या उन्हाळ्यातच दाखवली होती. आमचा साहेब कर्टिस तेव्हा हसला होता. "नोरीन, महिन्याच्या शेवटच्या दिवशी कोणाचं काय अडतंय? सोड ना." आणि त्याने माझी तक्रार बंद करून टाकली.

"एक ओळ बदलली, प्रश्न मिटला," मीटिंगमध्ये कर्टिस म्हणाला. "फटका बसलेले ग्राहक, एक. चला, डोनट घ्या."

"तिच्या वकिलाने पत्र मागितलंय," मी म्हणाले. "चूक आपली होती एवढं लिहून दिलं, तर कोर्ट उशीर माफ करेल कदाचित."

"लिहून? वेडी झालीस? अटींमध्ये स्पष्ट म्हटलंय, तारीख स्वतः तपासून घ्या."

"मग ॲप कशाला विकतोस? भिंतीवरचं कॅलेंडर विक की!"

कोणीतरी खिदळलं.

"आवाज खाली. इथे आपण कोणाला दोष देत नाही."

"नको देऊस. पण तिचं नाव तरी घे! ग्राहक एक म्हणे. पोर चाललीय तिची!"

"नियम म्हणजे नियम, नोरीन."

चोर तो चोर आणि वर शिरजोर. मी टेबलावरच माझा मोबाईल काढला आणि सगळ्यांसमोर नंबर लावला.

"डार्लीनबाई, मी नोरीन, ॲपवाल्या कंपनीतली. उशीर तुमच्यामुळे झाला नाही. तारीख आम्ही चुकीची दाखवली. चूक आम्हाला उन्हाळ्यापासून माहीत होती आणि कर्टिसने ती दुरुस्त करू दिली नाही. हे मी कोर्टात शपथेवर सांगेन."

कर्टिस झेपावला. मी फोन छातीशी घट्ट धरला.

मला वाटलं, आता बाई रडणार.

"थांब पोरी," ती म्हणाली. "वकिलाला लाईनवर घेते. आता पहिल्यापासून सांग. आणि त्या माणसाचं आडनाव जरा सावकाश."