चकाकीचे दोन गुण

मी ऑरिनची हिरवी गाडी बोलतेय. वय विचारू नका. एवढंच सांगते, मी ज्या कारखान्यातून निघाले, तिथूनच त्याच वर्षी एक लाल गाडीही निघाली आणि ती आयुष्यभर माझ्या डोळ्यांत सलत राहिली. ती शेजारच्या हॉलिस म्हाताऱ्याची; मी तिला लाली म्हणते. अमेरिकेत, इंडियानातल्या आमच्या गावी दर सप्टेंबरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा आम्हा दोघींना गवतावर शेजारीशेजारी उभं करतात.

ऑरिनने मला मक्याच्या कोठारातून बाहेर काढलं, तेव्हा माझ्या सीटमध्ये उंदरांचा संसार होता. त्याने मला पुन्हा उभं केलं. रंग असा दिला, की लोक माझ्यात बघून केस सारखे करत. त्याचा धाकटा भाऊ क्लीट रोज संध्याकाळी शेडमध्ये येऊन बसायचा, पण मला हात लावायचा नाही. त्याने हात लावला की काहीतरी तुटायचंच. "म्हातारे, तुला या माकडापासून जपायला हवं," असं ऑरिन मला म्हणायचा आणि दोघे हसायचे.

गेल्या वर्षी परीक्षक आले. दिवे लावायला सांगितले, हॉर्न वाजवायला सांगितला. सगळं लागलं, सगळं वाजलं. मग एकजण माझ्या बॉनेटवर वाकून म्हणाला, की कारखान्याने गाडीला इतकी चकाकी कधी दिलीच नव्हती. माझे दोन गुण कापले गेले. पहिल्या नंबरची निळी रिबीन लालीला मिळाली, कारण तिचा रंग मंद होता, कारखान्यातला जुनाच होता. मी जळून खाक झाले.

ऑरिनने ते मनावर घेतलं. हिवाळाभर तो ओला वॉटर पेपर घेऊन हाताने मला घासत बसला. बोटं भेगाळली, पण त्याने माझी चकाकी वीतवीत करून उतरवली. आणि त्याच शेडमध्ये, त्याच हिवाळ्यात, हॉलिसने आपली गाडी आणून उभी केली. परीक्षक काहीही म्हणोत, त्याला माझ्यासारखी चमकणारी गाडी हवी होती. ऑरिनने तिला रंग दिला. मला खरवडत होता आणि तिला नटवत होता. मी ते पाहत उभी होते.

मार्चमध्ये ऑरिनचं हृदय बंद पडलं. तेव्हा तो माझ्याजवळच होता. शेवटचा दरवाजा घासून झाला होता.

यंदा मला क्लीट घेऊन गेला. त्याने भावाचा कोट घातला होता. बाह्या लांब पडत होत्या. या वेळचा परीक्षक नवा होता. त्याने माझ्या बॉनेटवरून बोट फिरवलं आणि रंग निस्तेज आहे, निगा राखलेली नाही, असं सांगून दोन गुण कापले. निळी रिबीन पुन्हा लालीला. या वेळी चकाकीसाठी.

"गेल्या वर्षी तुम्हीच चकाकी नको म्हणालात," क्लीट म्हणाला.

"गेल्या वर्षी मी नव्हतो."

"मग माझ्या भावाने कोणासाठी बोटं फोडून घेतली?"

परीक्षकाने खाली पाहिलं, वाईट वाटलं असं म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

क्लीटने डिकीतून पॉलिशचा डबा काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, माझं डावं मडगार्ड घासायला लागला. दात खाऊन घासत होता. तळहाताएवढा तुकडा झळकू लागला, तेव्हा हॉलिस खुर्चीतून उठून खोकत आला आणि त्याने क्लीटचं मनगट धरलं.

"थांब, पोरा. तू रंग नाही, त्याच्या हाताची खूण पुसतोयस."

क्लीटच्या हातातलं फडकं गळालं. मग तो माझ्या चाकाशी बसला आणि रडला. एवढा की शेजारच्या लोकांनी रेडिओ बंद केला.

आता मी शेडमध्ये आहे. सगळं अंग मंद आणि मडगार्डवर तेवढा एक झळकता तुकडा. कोणताही परीक्षक आला तरी माझे गुण कापणारच. क्लीट रोज संध्याकाळी येतो. आता मला हात लावतो, पण त्या तुकड्याला नाही.

परीक्षकांनो, एवढंच मागते. मोजायची पट्टी एकदा ठरवा आणि मग ती बदलू नका. तुमच्या एका वाक्यापायी माणूस अख्खा हिवाळा घासत बसतो.

लालीवर मी अजून जळते. रिबिनीसाठी नाही. तिचा मालक अजून आहे; तिला पुसताना खोकतो, शिव्या देतो. ते मला इथपर्यंत ऐकू येतं.